आक्कांनी घातलेले वाटे

बहिणींनी सही करायची, साडीचोळी घ्यायची, पोटभर जेवायचं आणि आपल्या घरी जायचं. आमच्या भागात वाटणी म्हणजे एवढंच. माझ्या आत्यांनी हेच केलं, मीही शिवाजी पेठेतल्या भावाला मुकाट सही देऊन आले. त्यामुळं सासरे गेल्यावर हातकणंगल्याच्या आमच्या नणंदबाई हक्कसोड पत्रावर सही करायला येणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच चांगल्यातली इरकल आणून ठेवली होती.

नणंदबाईंचं नाव शालूबाई, पण सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. आक्का आल्या, साडीवरून हात फिरवला, पोत झकास आहे म्हणाल्या आणि सही करणार नाही म्हणून सांगून टाकलं.

माझा नवरा बाळासो समोर बसला होता. त्याची चहाची बशी तोंडापर्यंत जाऊन तशीच थांबली. "का गं?" एवढंच म्हणाला.

"मला डोंगराची मागली झाडी पायजे. दुसरं काय नगं."

आता यातली गोम सांगते. आमची दगडाची खाण आहे. सासऱ्यांनी हातोडी-पहारीवर सुरू केली, बाळासोनं क्रशर बसवला. जुना खड्डा आता संपत आला होता. खाली जावं तर पाणी लागतं, बाजूला सरकावं तर डोंगराचं पुढलं अंग. तिथला दगड हलका, रस्त्याच्या खडीपुरता. खरा काळा, कणखर दगड आहे तो मागच्या अंगाला, करवंदीच्या जाळ्या आणि धामण, खैर या झाडांच्या खाली. बाळासोनं ड्रिल मारून बघितलं होतं. झाडी काढली की क्रशरला पुढची चिंता नव्हती. आणि क्रशर म्हणजे काही आमचंच घर नव्हे, त्याच्यावर गावातल्या कितीतरी चुली पेटतात. ही गोष्ट आक्कांनाही ठाऊक होती. म्हणून तर बाळासोला जास्त लागलं.

"आक्का, नेमका तिथंच दगड हाय की गं!"

"म्हायती हाय मला."

दोघंही एका आईची लेकरं. एक हटेना, दुसरं हलेना. शेवटी मी गणपतराव तात्यांना बोलावणं धाडलं. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. निम्म्या गावाच्या वाटण्या त्यांनीच मिटवलेल्या. ते काठी टेकत आले, पाणी प्यायले आणि आक्कांनाच समजावू लागले. पण आक्कांनी त्यांना दोन वाक्यांच्या पुढं जाऊच दिलं नाही.

"तात्या, थोरल्यानं वाटं घालायचं, धाकट्यानं उचलायचा, हीच रीत न्हवं का आपली?"

"व्हय. पर ती भावाभावांची रीत हाय."

"मग? बहीण हाय म्हणून मी धाकटी झाले व्हय? थोरली मी हाय. वाटं मी घालणार. बाळासो उचलंल. त्यानं जे उचललं, त्येला माझा शब्द मागं व्हायचा न्हाय."

तात्या टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मला मनातून हसू येत होतं. माझ्या भावासमोर मला हे सुचलं असतं तर, असंही एकदा वाटून गेलं.

ही रीत मोठी न्यायाची आहे. वाटे घालणाऱ्याला लबाडी करता येत नाही, कारण उचलणार दुसराच. आक्कांना झाडी हवी होती, तर दुसरा वाटा इतका भरघोस करायला हवा, की बाळासोचा हात आपोआप तिकडं जाईल. ते त्यांनी कसं केलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

डोंगराच्या माथ्यावर आम्ही चौघंच होतो. आक्कांनी घमेल्यात फक्की आणली होती. पुढलं अंग आणि मागचं अंग यांच्यामधून त्यांनी स्वतः वाकून पांढरी रेघ ओढली. मग पदराच्या गाठीतून काळ्या मातीचं एक ढेकूळ काढून खडकावर ठेवलं. शेजारी करवंदीची एक डहाळी ठेवली. आमच्या गावात वाटा असाच उचलतात, त्या त्या जागेची खूण हातात घेऊन.

"ही डहाळी म्हणजे मागली झाडी. निस्ती झाडी. आन ह्ये ढेकूळ म्हणजे पुढलं अंग, आन वड्याकाठचा आख्खा मळा."

मळा! बारमाही पाण्याचा, ऊस डोक्यावर जाणारा मळा. त्यातला निम्मा कायद्यानं त्यांचा होता आणि त्या तो काट्यांसाठी सोडत होत्या. खोटं कशाला बोलू, माझा जीव हरखला. मी बाळासोला डोळ्यांनी खुणावलं, उचल म्हणून. मळा आमचा, पुढला दगडही आमचा आणि आक्कांना त्यांची झाडी. मला तर सगळ्यांचंच भलं दिसत होतं.

पण बाळासो वाकला नाही. तो बहिणीकडं बघत राहिला.

"आक्का, मळा सोडतीस? असं काय हाय त्या काट्यात?"

आक्कांनी घमेलं उगाच या हातातून त्या हातात घेतलं.

"आई तिथं रडायची," त्या म्हणाल्या. "तू पाळण्यात व्हतास. घरात आज्जी, चुलत्या, सतरा माणसं. हुंदका द्यायला कोपरा न्हवता तिला. जळणाला जाते म्हणायची आन मला संगं न्यायची. जाळीच्या आत एक जागा हाय, तिथं बसायची. कधी रडायची, कधी आपल्या आईशी बोलल्यागत एकटीच बोलायची, कधी गाणी म्हणायची. मग तोंड पुसून, मोळी घिऊन खाली यायची. घरी तिचा आवाज कधी कुणी ऐकला न्हाय. मी तिथं ऐकलाय."

तात्या दुसरीकडं बघू लागले. ती सतरा माणसं म्हणजे त्यांचंच घर होतं की. या बाईशी मी इतकी वर्षं लोणच्या-पापडाचं बोलत आले आणि हे कधी विचारलं नाही.

बाळासो खाली वाकला. त्यानं करवंदीची डहाळी उचलली.

मला एकदम दोन राग आले. एक मळा गेला याचा. आणि दुसरा, त्याहून मोठा, की एवढं ऐकूनही या माणसाला काळा दगडच दिसला. आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई शब्दाची पक्की.

"उचललास. तुझं झालं," त्या म्हणाल्या, आणि घमेलं घेऊन उतरायला लागल्या.

"आक्का, थांब की!" बाळासो ओरडला. खाणीवर ओरडायची सवय, त्याला हळू बोलता येतच नाही. "बहिणीचा मळा घशात घालून तिच्या पदरात काटं टाकू? मी खाणवाला हाय, दरोडेखोर न्हाय! आन आई काय तुझ्या एकटीची व्हती?"

आक्का वळल्या.

"ती गेली तवा मी ल्हान. मला तर तिचा आवाजबी आठवत न्हाय," तो म्हणाला. "झाडी माझी झाली. आता तिथं कुदळ लागायची न्हाय. माझीबी न्हाय आन माझ्या पोरांचीबी न्हाय."

"आन क्रशर रं?" तात्यांनी विचारलं. "त्येला काय घालणार, करवंदं?"

"पुढल्या अंगाचा दगड. तो आक्काच्या वाट्याला गेला. तिनं खंडानं दिला तर." तो बहिणीकडं बघून म्हणाला, "हलका दगड हाय, भाव कमी मिळंल. एक पोकलेन इकायला लागंल. पर माणसं कमी करायची न्हाईत. देशील न्हवं?"

"देईन," आक्का म्हणाल्या. "पर सुरुंग झाडीच्या अंगाला लावायचा न्हाय. धुरळा बसतोय जाळ्यांवर."

"ए, माझ्या झाडीचं मला शिकवू नगंस!"

तात्या हसले. मीही हसले, मळा गेलेला असताना. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या रेघेपाशीच उभ्या होत्या, अलीकडं, आता त्यांच्या झालेल्या बाजूला.

"मग मी यायचं का न्हाय तिथं?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"म्हायेरी यायला इचारत्यात व्हय गं?"

त्यावर आक्का रडल्या. सासऱ्यांच्या दिवसांत सगळ्यांना जेवायला वाढणारी, डोळ्याला पदर न लावणारी बाई, भर उन्हात खडकावर बसून रडली. मी जवळ जाऊन बसले. मळ्याची चुटपुट मला अजून आहे आणि राहील. पण त्या घडीला मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की तो कुणाला दाखवू असं झालं. आणि पेठेतल्या भावाला सही देऊन आले, तेव्हा आपण असं कुणाला काही विचारलंच नाही, हेही फार लागलं.

आक्कांनी डोळे पुसले. बाळासो अजून ती डहाळी हातात धरून उभा होता. काट्यानं अंगठ्याला रक्त आलं होतं, त्याच्या लक्षात नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "आई कुठं बसायची त्ये दाव मला."

आक्का उठल्या आणि रेघ ओलांडून पुढं झाल्या. हातानं काटे बाजूला करत त्या जाळीत शिरल्या आणि त्यांच्या मागून हा दांडगा खाणवाला कमरेत वाकून आत गेला.