बार्नेकलांनी निवडलेला बाबा

धक्क्यावर सकाळपासून रांग लागली होती. रांगेच्या टोकाला पाण्यातून वर ओढलेली एक फळी होती आणि फळीवर दर्याबाबांचा चेहरा. रंगवलेला नव्हे, उगवलेला. बोटीच्या बुडाला चिकटतात ते पांढरे, खरबरीत कवचाचे जीव, म्हणजे बार्नेकल, नेमके चेहऱ्याच्या आकारात बसले होते. आजूबाजूची फळी स्वच्छ होती.

"समुद्राला विचारा, तुझा गुरू कोण," बाबा शेजारच्या खुर्चीतून सांगत होते. "तो तोंडाने बोलत नाही. कवचांनी बोलतो."

बार्नेकल वाढतात. महिन्याभरात फळीवरचे बाबा गालांनी भरले आणि खुर्चीतल्या बाबांची पंचाईत झाली. ते बिचारे दोन्ही वेळा तडस लागेपर्यंत जेवू लागले. भक्त म्हणाले, बघा, फळीवर आधी दिसलं.

इथवर मला हसू येत होतं. मग बाबांनी फर्मान काढलं, की बार्नेकल खरवडणं म्हणजे गुरूचं तोंड ओरबाडणं. माझ्या काकांनी बोट खरवडायची बंद केली. त्या बोटीचं इंजिन मी सांभाळतो. बुडाला एवढा थर साचला, की बोट चिखलातून ओढल्यासारखी चालायची. इंजिन तापून दोनदा बंद पडलं, दुसऱ्यांदा तर वादळ मागे लागलेलं असताना.

काकू रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. बार्नेकल चिकटू नयेत असे लेप लावलेल्या फळ्या ती समुद्रात टांगते आणि तपासते. ती काकांना म्हणाली, "तुम्ही दोघं एक दिवस परत येणार नाही."

"समुद्राने निवडलेल्या माणसाचं ऐकतोय मी. तुझ्या डब्यातल्या रंगाचं नाही."

काकूने ब्रश उचलला आणि ती प्रयोगशाळेत निघून गेली.

काही आठवड्यांनी तिने भर गर्दीत स्वतःची फळी पाण्यातून वर काढली. फळीवर काका होते. नाक, मिशा, पुढे आलेली हनुवटीसुद्धा.

गर्दी जराशी गोंधळली आणि सरळ वळून काकांपुढे वाकली. ज्यांच्या हाकेला घरात मांजरही येत नाही, त्या आमच्या काकांनी गंभीर चेहऱ्याने आशीर्वादाचा हात वर केला.

"हात खाली घ्या," काकू म्हणाली. "मी ब्रशने काढलंय तुम्हाला. चेहरा सोडून बाकी फळीला आमचा गुळगुळीत लेप फासलाय. बार्नेकलचं पिल्लू पोहत येतं, जागा चाचपत फिरतं. आपल्यातले आधीच बसलेले दिसले की तिथे खुशीने बसतं. लेपावर बसलंच, तर हे असं." तिने कडेचा एक चुकार बार्नेकल अंगठ्याने ढकलला. तो टपकन पडला. मग बाबांच्या फळीच्या कडेला नवाच बसलेला एक ढकलला. तोही पडला. "बाबा प्रयोगशाळेला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हापासून या लेपाचा एक डबा गायब आहे."

"समुद्राने नेला असेल," बाबा म्हणाले.

काका फळीकडेच बघत होते. "पण मिशा छान उमटल्यात."

तेव्हा मात्र काकू कडाडली. "मोहरीपेक्षा बारीक असतं ते पिल्लू. एकदा चिकटलं की जन्मभर सुटका नाही, म्हणून आधी सगळी जागा चाचपून बघतं. तुम्ही काय चाचपलंत? पुतण्याला घेऊन बुडणार होतात."

काका बोटीखाली शिरले आणि खरवडायला लागले.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. कुठेही डोकं टेकवण्याआधी ती जागा चाचपून बघा.