व्हय सर

विमान उडवायला शिकवणं एक वेळ सोपं, पण पोरांच्या तोंडातलं 'व्हय सर' काढता काढता लालासाहेब पार थकले होते. मास्तर चुकला तरी पोरं आपली मान डोलावणार. म्हणून कराडच्या धावपट्टीवर ते मुद्दाम चुकायचे, आणि कुणी बोललं नाही की खवळायचे.

आज सकाळपासूनच्या उड्डाणांनी त्यांचे डोळे मिटायला लागले होते. विमान खाली आणताना शेजारी बसलेली पलूसची रेश्मा ओरडली, "आवं सर, उसाच्या फडातला धूर बघा की! वारं पाठीमागनं हाय, पट्टी पुरायची न्हाई!"

त्यांनी विमान झटकन वर घेतलं.

उतरल्यावर ती हसली. "आज बी मुद्दामच चुकलासा न्हवं?"

लालासाहेबांनी घामेजलेले हात विजारीला पुसले.

"व्हय," ते म्हणाले.