माझ्या डोळ्यावर बसलेला फोन

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला त्या फोनचा भयंकर हेवा वाटतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. २००४ साली वसुधाताईंनी मला लखनौला, अलीगंजच्या घरी आणले. ताई मूळच्या साताऱ्याच्या, कीटकांच्या अभ्यासक. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! रविवारी गच्चीवर मला मांडले की कॉलनीतली मुले रांग लावत. एक डोळा मिटून दुसरा माझ्या काचेला लावत आणि ओरडत, "बाप रे, इसके तो काँटे हैं!"

ते काटे ढालकिड्याच्या, म्हणजे ठिपकेवाल्या लेडीबर्डच्या पिल्लाचे. थंडीत इथे घरोघरी गुलदाउदी फुलते, म्हणजे आपली शेवंती, आणि तिच्यावर मावा नावाची रस शोषणारी बारीक कीड पडते. ही पिल्ले तो मावा फस्त करतात. पण दिसायला काळी, ओंगळ. त्यामुळे लोक आधी त्यांच्यावरच औषध फवारतात. हे थांबावे एवढाच ताईंचा ध्यास होता.

पुढे मुले मोठी झाली, रांग सरली. २०१४ साली घरात फोन आला आणि माझ्यावर उशीचा जुना अभ्रा चढला. ताई फेसबुकवर लिहू लागल्या. कसे? तर थेट शोधनिबंध! लॅटिन नावे, तक्ता आणि शेवटी संदर्भांची यादी. पसंतीचा अंगठा फक्त यजमानांचा, तोही न वाचता. अभ्र्याखाली मला काय आनंद झाला! म्हटले, बरी जिरली फोनची.

पण ताईंची मुलगी अंतरा म्हणाली, "आई, इतना कौन पढ़ेगा? दिखाओ ना!"

"अगं, दाखवू कसं?"

अंतराने अभ्रा काढला. मी हरखलो. आणि तिने काय करावे? फोनच टेकवला माझ्या डोळ्याला! आयत्या बिळावर नागोबा! पिल्लू मोठे करून दाखवले मी, चित्र उमटले त्याच्या पोटात. काटेरी पिल्लू मावा मटकावत होते. तो व्हिडिओ फेसबुकवर टाकून खाली ताईंनी एकच ओळ लिहिली, 'यह दोस्त है या दुश्मन?'

लोकांची झुंबड उडाली. चहा गार करून ताई एकेकाला सोप्या हिंदीत उत्तरे देत बसल्या. आणि बरेच जण काय विचारत होते ठाऊक आहे? 'मैडम, फोन कौन सा है?' माझा नुसता तिळपापड झाला. माझे नावसुद्धा कुणी घेतले नाही!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कल्पनाभाभी कुंडी कवटाळून आल्या. एका हातात फवारणीची बाटली.

"दीदी, बस मारने ही वाली थी, तभी आपका वीडियो देखा। यही है ना?"

"हाँ, यही है," ताई म्हणाल्या. अंतराने व्हिडिओ लावून फोन पुढे केला.

"अरे, वो तो देख लिया," भाभी म्हणाल्या, "मुझे अपनी आँख से देखना है।"

ताईंनी कुंडीतले एक पिल्लू माझ्या काचेखाली ठेवले, तशा त्या वाकल्या. कित्येक वर्षांनी माझ्या काचेला कुणाची तरी पापणी लागली. भाभींनी आधी एक, मग दुसरा डोळा लावून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "और मैं हर साल इन्हीं को मारती रही।" बाटली त्यांनी जमिनीवर ठेवून दिली.

ताईंनी हा प्रसंग टिपायला फोन उचलला. अंतरा म्हणाली, "आई, रहने दो।" फोन टेबलावर पालथा पडला.

मित्रांनो, कॉलनीला माझ्यापर्यंत त्यानेच आणले, हे मला कळते. तरी जळतो, काय करू! म्हणून एवढेच मागतो: व्हिडिओ खुशाल बघा, पण तिथेच थांबू नका. घरात, शाळेच्या कपाटात माझा कुणी भाऊबंद असेल, तर मऊ फडक्याने त्याची काच पुसा, तिला बुरशी लागू देऊ नका. आणि एकदा तरी स्वतःचा डोळा लावा. आम्ही वाट बघत असतो.