अर्धा बसलेला ड्रायव्हर

सर्वेशच्या कंप्युटरवरचा गेम बंद राहिला तर फायदा राजश्रीबाईंचाच होता. पोरगं क्लासच्या स्टार बॅचमध्ये टिकलं असतं, पुढं मेडिकलला लागलं असतं, आणि उदगीरचं घर सोडून लातुरात खोली करून राहिल्याचं चीज झालं असतं.

म्हणून त्यांनी गल्लीतल्या मन्मथला धरलं. कंप्युटर दुरुस्तीवाल्या मन्मथनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून टाकला. क्लासची टेस्ट चालायची, पण गेम उघडायला गेलं की 'ड्रायव्हर सापडत नाही' म्हणून बंद पडायचा. मोबदला काय, तर गरम धपाटे. एकट्या गड्याला तेवढं पुष्कळ.

तरी दर सोमवारी बाई दाबून बघायच्या तर गेम चालू! पुन्हा मन्मथ, पुन्हा धपाटे.

"तूच करतोस," बाई सर्वेशला म्हणाल्या.

"आई, मी तो उघडलासुद्धा नाही."

"हो, बोका दूध पितच नाही!"

संशय मन्मथवरही होताच. दुरुस्त करणाराच बिघडवतो, हे बाई नळवाल्याकडून शिकल्या होत्या. नवऱ्यावर, वसंतरावांवर मात्र नव्हता. ते उदगीरला गणित शिकवायचे आणि शनिवारी लातूरला यायचे. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा हट्ट त्यांचाच. म्हणाले होते, "हृदयाच्या आकृत्या स्वच्छ दिसतात." तेव्हा बाईंना कौतुक वाटलं होतं.

त्या रविवारी चार वाजता बॅच ठरवणारी टेस्ट होती, ती कंप्युटरवरच द्यायची. सर्वेश अभ्यासिकेत गेलेला. दर रविवारची पालकसभा त्या दिवशी लवकर आटपली आणि बाई तीनलाच परतल्या. बघतात तर खुर्चीत वसंतराव, शेजारी मन्मथ. मन्मथचा एक हात कीबोर्डवर, दुसरा वसंतरावांनी आणलेल्या चिवड्यात.

"अगं, पोराचा कंप्युटर जरा तपासायलो," वसंतराव म्हणाले.

"तपासा की! हृदयाच्या आकृत्या दिसल्या का?"

"काकू, माझ्यावर येऊ नका," मन्मथ म्हणाला. "तुम्ही सोमवारी काढायला लावता, सर रविवारी बसवायला. मी न्हाई कुणाला म्हणू?"

"आणि खातोस दोन्हीकडं!" बाईंचा हात भिंतीवरच्या बोर्डाकडं गेला.

"थांबा काकू, आत्ता अर्धाच बसलाय—"

बाईंनी प्लग उपटला. भूकंपाच्या सालापासून वसंतरावांना सवय होती, घरात काही हाललं की दाराच्या चौकटीत जाऊन उभं राहायचं. ते तिथं पोचलेही होते.

चारला सर्वेश काळ्या पडद्यासमोर बसला. मन्मथ घामाघूम होऊन खटपट करत राहिला. पडदा उजळला तेव्हा टेस्ट संपून गेली होती.

मन्मथचे धपाटे बुडाले, वसंतरावांचे गेमचे रविवार गेले, बाईंचा संशय तेवढा फिटला. स्टार बॅचमधून खाली उतरला तो सर्वेश, घरात गेमला हात न लावलेला एकटाच.