दाढ काढली होती म्हणे

हे मी लिहिणारच नव्हतो. यात एका गड्याची चांगलीच फजिती आहे. पण तो गडी, म्हणजे पेंटर, स्वतःच म्हणाला, लिही बिनधास्त. म्हणून बसलोय.

भिंत रंगवता रंगवता पेंटरला झटका आला आणि एमआरआयमध्ये त्याच्या मेंदूत एक गोल कडी दिसली. त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनीच्या, तोंडचं पाणी पळालं. सुतार, पेंटरचा शाळेपासूनचा मित्र, खाटेशेजारी उभा राहून खिडकीची चौकट न्याहाळत होता. दुसरीकडे बघायची हिंमतच नव्हती.

“कॅन्सरची गाठ अशी दिसते,” मेंदूच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण पू साचला तरी अशीच कडी दिसते. एका फोटोत मधला भाग चमकतोय, म्हणून मला पुवाचा संशय आहे. पण ताप नाही. आणि पू आला कुठून? कान फुटला होता? दात दुखला?”

“छे, काही नाही,” पेंटर म्हणाला.

“अहो, दाढ दुखत होती ना? पण ती तर काढली तुम्ही,” वहिनी म्हणाली.

“काढली की,” पेंटर छताकडे बघत म्हणाला.

सुताराला खरं काय ते माहीत होतं. उंच शिडीवर एका हाताने लटकणारा हा बहाद्दर सुई बघून दाताच्या डॉक्टरकडून पळाला होता. घरी मारली थाप, आणि दुखण्यावरच्या उरल्यासुरल्या गोळ्या गिळत राहिला. वहिनीला सांगायचं नाही, अशी सुताराला शपथही घातली होती.

“खोटं बोलतोय,” सुतार म्हणाला. “दाढ तोंडातच आहे. गोळ्या खाऊन दाबलीय.”

“गद्दार!”

“तोंड उघड आधी.”

बाईंनी टॉर्च मारला. दाढ पार पोखरलेली, हिरडी सुजलेली. “गोळ्यांनी तापही दबला असेल. तरी सुई घालून बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही.”

कवटीला बारीक भोक पाडून सुई घातली. बाई बाहेर आल्या त्या मास्क खाली ओढतच. “पू आहे. भरपूर.”

पू निघाला म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात पडतं? वहिनी पडली, नर्सच्या. सुतार तिथेच फरशीवर बसला. पुढे लॅबनेही तेच सांगितलं: तोंडातले जंतू, कॅन्सर नाही.

“घरी चला, मग थापांचं बघते,” असं नवऱ्याला सुनावून वहिनी चहा आणायला गेली. डोळे पुसतच.

पेंटर बँडेजखालून कुजबुजला, “लेका, आता दाढ काढावीच लागणार. एकट्याने नाही जमायचं मला.”

“मी येतो,” सुतार म्हणाला. “खुर्चीत आधी मीच बसेन, माझीही एक किडलीय. मग तुझा हात धरतो. पळू देणार नाही, शब्द आहे माझा.”