दीपगृहातला कठडा

आमच्या बाबांची एक गोष्ट आहे आणि ती ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. समुद्रावरच्या जुन्या दीपगृहातल्या गोल जिन्याचा लाकडी कठडा म्हणे त्यांनी बसवला. बाबा सुतार, हे खरं. पण सुताराने थापा मारू नयेत असं कुठे लिहिलंय, असं आई म्हणायची. एकदा पाहुण्यांसमोर तिने त्यांना "अहो दीपगृहवाले" अशी हाक मारली, तर बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत. "चढता येतंय तोवर एकदा दाखवतो तुम्हाला," असं म्हणून ते हटूनच बसले. मी गाडी काढली.

जागा मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारी. खडकांवर लाटा फुटत होत्या, वाऱ्याने गवत झोपलं होतं आणि मधोमध तो पांढराशुभ्र मनोरा. बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला. चष्मा असेल, असं मला वाटलं.

थोडं चढल्यावर आमची गाईड थांबली, एक चुणचुणीत मुलगी. "हा कठडा दीडशे वर्षांपूर्वीचा. जहाजातून आणलेला," ती म्हणाली.

बाबांनी नुसता कठड्यावरून हात फिरवला. एरवी भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस नेमका इथे मूग गिळून उभा. मला त्यांचा राग आला. म्हणजे आमची इतक्या वर्षांची चेष्टा खरीच होती तर. ते काही सुखाचं वाटलं नाही.

आई मागे रेंगाळली होती. कठड्याखालची पितळी पट्टी ती वाकून पाहत होती. मग पुढची, मग त्यापुढची.

"अगं पोरी," ती गाईडला म्हणाली, "हा कठडा यांनीच बसवलाय."

"कशावरून, मावशी?"

"स्क्रू बघ. सगळ्यांच्या खाचा उभ्या. आडव्या खाचेत धूळ बसते म्हणून आमच्या घरातला एकूण एक स्क्रू असाच. लोकांच्या घरी गेले तरी हे बिजागऱ्या तपासतात. चाळीस वर्षं मी घरातल्या त्या स्क्रूंवर फडकं मारतेय, मला नको सांगू."

गाईडने वाकून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाबा नव्या नवरदेवासारखे लाजले. पुढच्या पायऱ्या चढताना त्यांना गुडघ्यांची आठवणही राहिली नाही.

अगदी वरच्या पायरीशी आई थबकली. "आणि हा? हा एकटाच आडवा कसा?"

बाबांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. म्हणजे चष्मा नव्हता तो.

"तेवढा राहिला," ते म्हणाले. "खालून निरोप आला, मुलगी झाली म्हणून. हातातलं टाकून पळालो. परत आलो तर मुकादमाने काम संपलं म्हणून कुलूप ठोकलेलं. तेव्हापासून सलतोय."

मुलगी म्हणजे मी.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या तसाच," ती म्हणाली.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग आम्ही वर जाऊन पोटभर समुद्र पाहिला.

उतरताना, वर येणाऱ्या प्रत्येकाला आई अडवून सांगत होती, "कठडा नीट धरा हं. आमच्या यांनी बसवलाय."