चौकोनाबाहेर गेलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. तुम्ही वर्गात चघळता तसली नव्हे, मतदानाची. आता बोटाच्या पेराएवढी उरले आहे आणि तरीही सुतळीने बांधलेली आहे, जणू पळून जाऊन मी कुठे संसार थाटणार होते.

अमेरिकेतल्या या लहानशा गावात आले तेव्हा मी वीतभर होते. मतदान आगीच्या बंबाच्या कोठारात होई. त्या दिवशी बंब बाहेर काढून पडदे लावत आणि पडद्यामागच्या फळीला मला बांधत. माझ्याआधीच्या तीन जणी लोकांच्या खिशातून घरी गेल्या, म्हणून ही सुतळी. मतदानाचे प्रमुख, गिरणीवाले लुंडीन, चाकूने मला टोक काढत आणि म्हणत, "गुणी आहे. हिचं शिसं कधी मोडत नाही." तेवढ्या कौतुकावर मी पुढची दोन वर्षे खणातल्या अंधारात काढत असे.

मग पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली लढाई संपली, आमची पोरे परतली. चौथ्या वर्षी राज्याने लोकांना विचारले, सैनिकांना लष्करातल्या नोकरीच्या दर महिन्यामागे दहा डॉलर भरपाई द्यावी का? मतपत्रिकेवर दोन चौकोन होते, वर 'होय', खाली 'नाही'. हव्या त्या चौकोनात फुली मारायची. रेघ दुसऱ्या चौकोनात शिरली की मत बाद.

त्या दिवशी रांगेत ओस्मुंड होता. खंदकातून परतल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा थांबतच नसे. कपातली कॉफी आधी बशीत सांडे, मग मांडीवर. त्याची थोरली बहीण सिग्ने त्याच्यासाठीच लग्न न करता घरी राहिली होती. बायकांना मताचा हक्क नुकताच मिळाला होता आणि ती लुंडीनशेजारी मतमोजणीच्या टेबलावर बसली होती.

"गेलास तेव्हा बँड लावून मिरवलं होतं की तुला," मागून न्हावी अ‍ॅल्विन म्हणाला. "आता आणखी काय हवंय?"

"तेव्हा माझा हात धड होता, अ‍ॅल्विन. पैसे राज्य देईल नाहीतर नाही देणार. माझं गाव काय म्हणतंय, ते मला बघायचंय."

सिग्ने हलकेच म्हणाली, "ओस्मुंड, हात अधू असला तर आमच्यातलं कुणी आत येऊन फुली मारून देतं. तसा नियमच आहे. येऊ?"

"त्यासाठी शपथ घ्यावी लागते ना? की मला साधी फुली मारता येत नाही? या सगळ्यांसमोर?"

"त्यात लाज कसली रे?"

"ताई, तू बस खाली."

पडद्यामागे त्याने डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि मला 'होय'च्या चौकोनात टेकवले. पहिली रेघ सरळ आली. मला केवढा आनंद झाला. दुसऱ्या रेघेला हाताने हिसका दिला आणि मी थेट 'नाही'च्या चौकोनातून खाली घसरत गेले. नवी मतपत्रिका मागता आली असती, पण मग सगळ्यांना कारण कळले असते.  त्याने कागदाची घडी घातली आणि तो मतपेटीत टाकला.

संध्याकाळी मला सुतळीसकट सोडून मोजणीच्या टेबलावर ठेवले. मोजणीत होय एकसष्ट आणि नाहीही एकसष्ट झाले. एकच कागद उरला. लुंडीननी तो उलगडला आणि सिग्नेपुढे सरकवला. ती रेघ तिने ओळखली. घरातल्या वाणसामानाच्या यादीवर ती रोजच दिसे.

"दोन्ही चौकोनांत रेघ आहे," लुंडीन म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

रेघ कुणाची हे ती बोलली असती तर भावाचे मत उघडे पडले असते आणि त्याची लाजही. तिने मला उचलले. कागदावर 'बाद' लिहिले. मित्रांनो, तो शब्द माझ्याच शिशाचा आहे.

राज्यात भरपाई मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी ओस्मुंड सिग्नेबरोबर कोठाराच्या दाराशी आला आणि तिथे लावलेला निकाल त्याने वाचला. गावाने होकार दिला नव्हता, आणि खाली लिहिले होते, बाद एक.

"ताई, ते बाद कुणाचं, कळलं का?"

"घडीचे कागद सगळे सारखेच असतात रे. कसं कळणार?"

त्याने मान हलवली आणि हात कोटाच्या खिशात घातला. त्यानंतर तो मतदानाला कधी आला नाही.

मला टोक काढा, जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी असले कागद आखायला बसाल, तर कुणाचा तरी हात थरथरत असेल हे ध्यानात ठेवा. चौकोन जरा मोठा आखा.